बटाट्याचं पाणी

ओइवा केतोलाला एक खोड होती. कोर्पिला गावात कुणाच्याही घरी गेला की तो आधी शेगडीकडे बघायचा. शेगडीवर जाड, काळा, लाकडी मुठीचा बिडाचा तवा दिसला की त्याच्या ओठाचा डावा कोपरा किंचित खाली यायचा आणि त्या घराबद्दलचं त्याचं मत तिथल्या तिथे कायम व्हायचं. तो तवा बाजारात मिळत नसे. हमरस्त्याला लागून ओस्मोचं गाड्यांच्या काचांचं दुकान होतं. तिथे गाडीची पुढची काच बदलून घेतली की तवा भेट मिळायचा. काचेचा खर्च विमा कंपनी द्यायची. म्हणजे काच फुकट, तवा फुकट, वर ओस्मोच्या बायकोने भाजलेला दालचिनीचा पाव आणि कॉफी, तीही फुकट. फुकट ते पौष्टिक या न्यायाने गावातल्या साठ घरांपैकी एक्केचाळीस घरांत तवा पोचला होता. हा आकडा ओइवाचा. असले आकडे तोच ठेवायचा.

बर्फावरून चाकं घसरू नयेत म्हणून हिवाळाभर रस्त्यावर खडी टाकतात, ती मालट्रकच्या चाकाखालून उडते आणि काचा खरोखरच फुटतात, एवढं तो मान्य करी. पण गावभरच्या काचा गाडीच्या वार्षिक तपासणीच्या आदल्या आठवड्यातच कशा फुटतात? कुणाच्या काचेवर पोराने हॉकीची काठी मारलेली असते, कुणी छपरावर बांधलेली शिडी ब्रेक मारताना पुढे घसरून आलेली असते. विमा मात्र फक्त उडालेल्या दगडाचा. मग अर्जात सगळ्यांचा दगडच. समोरून मालट्रक आला, दगड उडाला. ठिकाण, पाच नंबरचा महामार्ग. ओइवा म्हणायचा, खोटं बोलावं पण ते नीट बोलायची तरी अक्कल असावी. या लोकांना दुसरा रस्तासुद्धा सुचत नाही.

हे तो अधिकाराने म्हणायचा, कारण कायानीच्या विमा कंपनीत एकतीस वर्षं तो क्लेमच्याच टेबलावर बसला होता. समोर आलेला दगड खोटा आहे हे त्याला पहिल्या ओळीत कळायचं. पण ते सिद्ध करता यायचं नाही आणि नियम नियम होता. दगड म्हटलं की मंजूर. तो सही करायचा आणि कागद दोन बोटांनी बाजूला सरकवायचा, उष्टी बशी सरकवावी तसा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी बोटांची ती सवय गेली नव्हती. त्याने स्वतः आयुष्यात एकही क्लेम केला नव्हता आणि ही गोष्ट कोर्पिलात माहीत नसलेला माणूस एक तर तान्हा होता किंवा बहिरा.

एकतीस वर्षांत फक्त एक बाई खरं बोलली होती. आणि गंमत अशी की ओइवा सगळ्यात जास्त तिलाच हसला होता.

ती साइमी. रस्त्यापलीकडच्या पिवळ्या घरात राहायची, अजूनही राहते. तीस वर्षांपूर्वी नवरा सोडून गेला तेव्हा तिच्याजवळ पाच वर्षांची मुलगी आणि एक म्हातारी गाडी उरली होती. एका जानेवारीत तिचा अर्ज ओइवाच्या टेबलावर आला. त्यात तिने लिहिलं होतं, 'मुलीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. काचेवर बर्फ गोठला होता. बटाटे उकडलेलं पाणी हाताशी होतं, ते ओतलं. काच तडकली. चूक माझीच आहे, पण गाडीशिवाय मला कामावर जाता येत नाही.' ओइवाने हा अर्ज कॉफीच्या सुट्टीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. 'बटाटे उकडलेलं' या शब्दांपाशी रोखपालाच्या नाकातून कॉफी बाहेर आली. मग ओइवाने टेबलावर परत जाऊन नकाराचं पत्र टाइप केलं, खाली सही केली आणि विषय संपवला.

विषय अर्थात संपला नाही. ऑफिसात कुणी मूर्खपणा केला की 'बटाट्याचं पाणी' म्हणायची पद्धत पडली. ऑफिसातून ती गावात आली, कारण ओइवा रोज संध्याकाळी गावातच यायचा. साइमी दुकानात शिरली की कुणीतरी बटाट्यांचा भाव विचारायचं. तीस वर्षांत ती त्यावर कधी काही बोलली नाही. ओइवाला वाटायचं, बोलणार काय?

या फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी, ओइवाला दहा वाजता चर्चच्या सभागृहात पोचायचं होतं. पेन्शनर मंडळात त्याचं व्याख्यान होतं, 'हिवाळ्यात गाडीची काळजी'. दर वर्षी असायचं, आणि दर वर्षी तीच मंडळी तेच ऐकायची. रात्री आधी रिमझिम पडून वरून कडाक्याची थंडी पडली होती. सकाळी उणे बावीस. त्यात पहाटे कधीतरी तासभर वीज गेली, गाडीची वीज ठरल्या वेळी सुरू करणारं अंगणातल्या खांबावरचं घड्याळ थांबलं आणि गाडीचं इंजिन गरम करणारी तार सकाळपर्यंत नुसतीच लोंबत राहिली. गाडी दगडासारखी गार. पुढच्या काचेवर बर्फाचा असा थर चढला होता की खरवडणी त्यावरून नुसती घसरत होती. दहा मिनिटं खरवडून ओइवाच्या खांद्यात कळ आली आणि काचेवर बशीएवढंच भोक पडलं.

गरम पाणी ओतायचं नाही हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ते त्याच्या व्याख्यानात चौथ्या मुद्द्याला होतं. पण गरम आणि कोमट यात फरक असतो, आणि तो फरक कळायला डोकं लागतं. मूर्ख लोक उकळतं ओततात. डोकं असलेला माणूस कॉफीच्या किटलीतलं उरलेलं पाणी घेतो, त्यात नळाचं गार पाणी मिसळतो, बोट बुडवून बघतो आणि मग बेताने, वरच्या कडेने धार सोडतो. ओइवाने हे सगळं शिस्तीत केलं. वाफेचा एक ढग उठला. बर्फ सुटून खाली घसरला. ओइवा मनाशी म्हणाला, बघा. तेवढ्यात टक् असा आवाज आला.

फार मोठा आवाज नव्हता. डावीकडे, खालच्या कडेला, वीतभर रेघ उमटली. ओइवा किटली हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली. रस्त्यापलीकडे साइमी पाय घसरू नये म्हणून पायऱ्यांवर राख टाकत होती. बादली हातात धरून ती थांबली होती. तिने हात वर करून नमस्कार केला, रोज करते तसा, आणि परत राख टाकू लागली.

व्याख्यान झालं. चौथ्या मुद्द्याला ओइवाने बटाट्याच्या पाण्याची गोष्ट सांगितली, नाव न घेता. नाव घ्यायची गरज नव्हतीच. लोक ठरलेल्या जागी हसले. या खेपेला मात्र ते हसत असताना ओइवाला खिडकीतून बाहेर उभी असलेली आपली गाडी दिसत होती. घरी येईपर्यंत ती वीतभर रेघ वाढून बरोबर ड्रायव्हरच्या नजरेसमोर आली. अशी काच महिनाअखेरच्या तपासणीत पास होणं शक्यच नव्हतं.

त्याची बायको हेलेवी अंगणात बर्फ ओढत होती. तिचं लक्ष लगेच गेलं. हे काय झालं म्हणून तिने विचारलं.

"दगड," ओइवा म्हणाला.

त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. एकतीस वर्षं रोज वाचलेला शब्द तोंडात तयारच होता, दार उघडताच बाहेर पडला. पुढचं सगळं हेलेवीनेच केलं. तिने ओस्मोला फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली, बहिणीला फोन करून मालट्रकवाल्यांना शिव्या दिल्या, आणि जेवताना बजावून सांगितलं की चाळीस वर्षं विमा भरतोयस, आता एकदा घे. या नव्या गाडीच्या काचेत कॅमेरा बसवलाय, काच महाग आहे, आणि साउनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावलास तर बघ. ओइवाने मान हलवली. आता स्वतःच्या खिशातून गुपचूप काच बसवून घ्यायची सोयही राहिली नव्हती. तसं करायचं तर का, ते हेलेवीला सांगावं लागलं असतं.

त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. दगड म्हणायचं, म्हणजे त्या एक्केचाळीस तवेवाल्यांत जाऊन बसायचं. पाणी म्हणायचं, म्हणजे साइमी व्हायचं. दोन्हींचा त्याला सारखाच तिटकारा होता. जन्मभर दोघांच्याही वर बसून त्यांच्याकडे खाली बघण्यात त्याचं सगळं सुख होतं, आणि आता ती वरची जागाच जाणार होती.

ओस्मोचा त्याला मनापासून तिटकारा होता. माणूस ढेरपोट्या, हसरा, आणि सगळ्यांशी सलगीने वागणारा. या देशात बहुतेक सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण ओस्मोच्या तोंडचा 'अरे' ऐकला की ओइवाला आपल्या कोटावर कुणी बोटं पुसल्यासारखं वाटायचं. शुक्रवारी सकाळी तो दुकानात शिरला तेव्हा ओस्मोने दोन्ही हात पसरले.

"ये रे ओइवा! शेवटी तूसुद्धा आलास. मी बायकोला म्हणतच होतो, केतोलाची काच काय देवाने बनवलीय की काय?"

कॉफी आली, पाव आला. काउंटरच्या मागे फळीवर तवे ओळीने मांडले होते, प्रत्येकाच्या मुठीला लाल फीत. ओस्मो कॉम्प्युटरसमोर बसला आणि गिऱ्हाइकाचा अर्ज भरू लागला. हीच त्याची खरी कारागिरी. गिऱ्हाइकाने काही बोलायचं नसतं, नुसता पाव खायचा असतो. गाडीचा नंबर, विम्याचा नंबर, तारीख. नुकसानीचं कारण या रकान्यात त्याने विचारलंसुद्धा नाही.

"कुठल्या रस्त्यावर?" एवढंच त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता 'पाच नंबर' लिहूनही टाकलं. "समोरून मालट्रक ना?"

ओइवा त्या बटणं दाबणाऱ्या जाड बोटांकडे बघत होता. याच बोटांनी लिहिलेले शेकडो दगड त्याने स्वतः मंजूर केले होते. त्याला किळस आली, आणि सगळ्यात जास्त किळस कशाची आली, तर पाव फार चांगला झाला होता आणि त्याने तो अर्ध्याहून जास्त खाल्ला होता, याची. तो उठला. विम्याचे कागद घरी राहिले म्हणाला. ओस्मो म्हणाला, कागद लागत नाहीत, सगळं इथे दिसतंय. मला लागतात, असं म्हणून ओइवा बाहेर पडला. ओस्मो दारापर्यंत आला आणि मागून ओरडून म्हणाला की तवा बाजूला काढून ठेवतो.

शनिवारी तो साइमीकडे गेला. चाळीस वर्षं समोर राहून तो तिच्या घरात फार तर चार वेळा गेला असेल. जाताना त्याने मनाशी वाक्यं जुळवली होती. तिला काय दिसलं ते काढून घ्यायचं, आणि दिसलं असेल तर ते तसं नव्हतं हे पटवायचं. कमी शिकलेल्या बाईला पटवायला कितीसा वेळ लागणार?

साइमी स्वयंपाकघरात होती. ओइवाची नजर सवयीने शेगडीकडे गेली. शेगडीवर तवा होता. भिंतीवर खिळ्याला आणखी दोन होते. त्याच्या एक्केचाळीसच्या हिशेबात हे घर नव्हतं. ती असली बाई नाही, असं त्याने गृहीतच धरलं होतं.

"बस," साइमी म्हणाली. "मी बघितलं. किटली होती ना?"

त्याने जुळवलेली वाक्यं जागच्या जागी गळून पडली. पाणी कोमट होतं, एवढंच तो म्हणाला.

"माझं उकळतं होतं." तिने कपात कॉफी ओतली. "तू दगडच लिही. साक्षीदार लागला तर माझं नाव घाल. समोरून मालट्रक गेला, खडी उडाली, मी पायऱ्यांवर उभी होते. माझा हात बसलाय आता."

ओइवाला राग आला. रागच, कारण दुसरं काय वाटून घ्यायचं ते त्याला कळेना. ही बाई, जिच्यावर त्याने तीस वर्षं विनोद केले, ती त्याच्यासाठी खोटं बोलायला तयार होती, आणि तेही मीठ मागायला आलेल्या शेजाऱ्याला वाटीभर मीठ द्यावं इतक्या सहज. तो भिंतीवरच्या तव्यांकडे बोट करून म्हणाला की हे तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं. निदान तू तरी.

"निदान मी तरी काय?" साइमीने कप खाली ठेवला. "मी एकदा खरं बोलले ओइवा. त्या हिवाळ्यात मुलीला बर्फातून ढकलगाडीवर बसवून बसच्या थांब्यापर्यंत न्यायचे, चार किलोमीटर, आणि तसंच पुढे कामावर. दुकानात लोक बटाट्यांचा भाव विचारायचे. खोटं बोलल्याबद्दल या गावात कुणाला कधी कुणी हसलंय? तू तरी हसलायस? तू त्यांना काच दिलीस."

नियम होता, असं तो म्हणाला.

"नियम मला माहीत आहे. तुझ्या पत्रातूनच शिकले मी." तिने एवढंच म्हटलं आणि कॉफीबरोबर काही हवंय का विचारलं. ओइवाला नको होतं.

रविवार त्याने लाकडं फोडण्यात घालवला. फोडून ठेवलेली लाकडं दोन वर्षं पुरतील एवढी होती, तरी फोडली. हेलेवी खिडकीतून बघत होती आणि काही विचारत नव्हती. ही तिची वाईट सवय होती. संध्याकाळपर्यंत ओइवाचं एक मात्र पक्कं झालं. साइमीच्या साक्षीने मिळालेली काच लावून तो रोज त्या पिवळ्या घरासमोरून गाडी काढू शकणार नव्हता. ती पायऱ्यांवरून हात वर करील आणि तिला माहीत असेल. गावाने हसलेलं परवडलं. तिने दया केलेली नको.

सोमवारी आठ वाजता त्याने कंपनीला फोन लावला. हेलेवी दुकानात गेली होती. पलीकडे एक मुलगी बोलली. आवाज गोड, बोलणं नेमकं. तिने विचारलं, काय झालं?

"मी काचेवर पाणी ओतलं," ओइवा म्हणाला. "बर्फ काढायला. काच तडकली."

मग ती सावकाश, लहान मुलाला समजवावं तशी बोलू लागली. "केतोला, मला इथे कारण निवडावं लागतं. दगड किंवा इतर. इतर निवडलं की नकार आपोआप जातो. पाणी ओतायच्या आधी काचेला कधी दगड लागलेलाच नव्हता, अशी तुमची खात्री आहे का? बारीकसा टवका असतो, कधीकधी दिसतही नाही."

ही वाट ओइवाला चांगली ओळखीची होती. टेबलाच्या त्या बाजूला असताना, माणूस ओळखीचा असला की त्यानेही ती अनेकदा दाखवली होती. साइमी ओळखीची नव्हती असं नाही. शेजारी होती. पण तिला दाखवावी असं त्याच्या तेव्हा मनातही आलं नव्हतं.

"खात्री आहे," तो म्हणाला. "दगड नव्हता. इतर निवडा."

तिने एक मिनिट थांबायला सांगितलं. फोनमधून संगीत सुरू व्हायला हवं होतं, पण तिने बटण नीट दाबलं नसावं. ओइवाला खोलीतले आवाज ऐकू येत राहिले. खुर्ची सरकल्याचा, चमचा कपावर वाजल्याचा. मग तिचाच आवाज, पण आता मोकळा. एक म्हातारबा आहेत, काचेवर किटली ओतली, आणि स्वतःच सांगतायत. मग हसणं. तिघं-चौघं असावेत. एकजण खोकलाही, घोट चुकीच्या ठिकाणी गेल्यासारखा.

ओइवाने फोन ठेवला नाही. ते हसणं कुठल्या टेबलाशी चाललं असेल, ते त्याला माहीत होतं. खिडकीकडचं टेबल, जिथे ऊन येतं. तिथे बसून सगळ्यात मोठ्याने कोण हसायचं, तेही माहीत होतं. मुलगी परत आली, पुन्हा गोड आवाजात म्हणाली की पत्र दोन दिवसांत मिळेल. त्याने आभार मानले.

हेलेवी आल्यावर त्याने तिला सांगितलं. पिशवीतून दूध काढता काढता तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे बटाट्याचं पाणी," ती म्हणाली.

"कोमट होतं."

"बरं. कोमट." तिने दूध फ्रिजमध्ये ठेवलं आणि फ्रिजचं दार हवं त्यापेक्षा जास्त वेळ उघडं धरून तिकडेच तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. साउनाचं छप्पर अर्थात राहिलं.

बुधवारी ओस्मोने काच बसवली. गिऱ्हाईक स्वतः पैसे देतंय हे त्याच्या हयातीत पहिल्यांदाच घडत होतं, आणि त्याला ते वैयक्तिक अपमानासारखं लागलं. कॉफी आली नाही. बाजूला काढलेला तवा त्याने मुकाट्याने परत फळीवर ठेवला, कारण तव्याचा खर्च तो कंपनीच्या बिलातून काढायचा, हे ओइवाला एकतीस वर्षं माहीत होतं आणि ओस्मोला माहीत होतं की त्याला माहीत आहे. गुरुवारपर्यंत बातमी गावभर झाली. दुकानात गेल्यावर मागून कुणीतरी अगदी सभ्यपणे विचारलं, आज पाणी किती अंशांवर आहे? तिसऱ्या दिवशी नावही पडलं. कोमट ओइवा. नाव चपखल होतं, हे त्याला मनातून कबूल करावं लागलं. आणि ज्या लोकांना खोटं बोलताना दुसरा रस्ता सुचत नाही, त्यांना हे कसं सुचलं याचं आश्चर्यही वाटलं.

पत्र आलं. एकच पान, खाली सही कुणाचीच नाही. ओइवाने ते दारातच उभं राहून वाचलं. नियमाचा आकडा, खेद, आणि मग शेवटची ओळ. 'हे नुकसान दगड लागून झालं असतं, तर भरपाई देता आली असती.'

ही ओळ त्याची होती, शब्दन्शब्द. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी, साइमीच्या अर्जाच्या कितीतरी आधी, त्याने नकाराच्या पत्राचा नमुना करून दिला होता, तेव्हा साहेबांनी या ओळीचं कौतुक केलं होतं. नकार मिळाल्यावर लोक भांडायला यायचे, त्यांना नियम एका वाक्यात कळावा म्हणून ती घातली होती. तेव्हापासून ऑफिसातून बाहेर गेलेल्या प्रत्येक नकाराखाली ती होती. आता माणसं गेली, टाइपरायटर गेले, ओळ तेवढी राहिली.

तो पत्र हातात घेऊन रस्ता ओलांडून गेला. का गेला, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. साइमी शेगडीपाशी धिरडी घालत होती. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि पत्र वाचलं. शेवटी आल्यावर परत वाचलं. मग ती आत गेली आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली. त्याच्या घड्या इतक्या जुन्या होत्या की मधून आरपार दिसत होतं. दोन्ही कागद तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. खालची ओळ तीच. जुन्या कागदावर तिच्याखाली निळ्या शाईत ओइवाची सही.

"हे सगळ्यांनाच जातं?" साइमीने विचारलं.

"हो."

"तेव्हासुद्धा?"

ओइवाने पिवळ्या कागदाची दुमडलेली कड बोटाने सपाट केली.

"मला वाटलं होतं, हे तू माझ्यासाठी लिहिलंस," ती म्हणाली. "उघड सांगता येत नाही म्हणून असं सुचवलंस. तू दुकानात बटाट्याची गोष्ट सांगायचास ना, तेव्हा मी म्हणायचे, सांगू दे. बोलतो तसा आहे, पण पत्रात एक ओळ तरी चांगली लिहिली त्याने." तिने चष्मा काढला. "तीस वर्षं."

तव्यावरचं धिरडं जळायला लागलं होतं. ओइवाने त्याच्याकडे बघितलं, मग पिवळ्या कागदावरच्या आपल्या सहीकडे. साइमीच्या तोंडाकडे बघणं त्याला जमेना. कायानीच्या त्या मुलीला खरं सांगणं याच्यापुढे सोपं होतं.

"तुझ्यासाठीच लिहिलं होतं," तो म्हणाला. "पहिलं तुलाच. मग ऑफिसने ते सगळ्यांना लावलं."

साइमीने उलथन्याने धिरडं उलटलं. एक बाजू पार काळी झाली होती. ते तिने बशीत काढलं आणि बशी त्याच्यापुढे सरकवली, दोन बोटांनी.

"कुठल्या रस्त्यावर?" तिने ओस्मोच्या सुरात विचारलं.